जबाब, चौथ्यांदा

लिहा साहेब.
श्रावण डोमाजी नेवारे, मोजणी शिपाई,
नगर भूमापन, नागपूर. आता निवृत्त.
तुमच्या आधी तिघांनी हेच लिहून घेतलं.
पहिल्याने चहा पाजला,
दुसऱ्याने कानाखाली दिली,
तिसऱ्याची गडचिरोलीला बदली झाली
माझं वाक्य अर्धं असताना.

लांजेवार साहेब उंच नव्हते.
पेपरवाल्यांनी उंच लिहिलं.
खिशात पेन्सिल, टोक खाली,
म्हणून प्रत्येक शर्टाला आतून एक काळा ठिपका.
बाई म्हणायच्या, कापड विरलं, ठिपका जात नाही.
हे आधीच्या जबाबांत नाही.
विचारलंच नाही कोणी.

मे महिना. पारा सेहेचाळीसच्या वर.
डोक्याला दुपट्टा, दुपट्ट्यात कांदा,
मानकापूरच्या पलीकडे आम्ही नाला शोधत होतो.
बंदोबस्ताच्या जुन्या नकाशात होता तो,
निळ्या शाईत, धामणीसारखा वळलेला.
जागेवर ले-आउट.
चुन्याच्या रेघा, कोपऱ्याचे प्लॉट विकलेले,
कमानीवर कोणाच्या तरी आईचं नाव.
साहेब खाली बसले, मातीला कान लावला.
खरंच लावला.
म्हणाले, वाहून राहिला बे खाली.

टेपचं शून्याचं टोक त्यांच्याकडे, डबी माझ्या हातात.
ते चालत गेले, मी आकडा ओरडलो,
नऊ मीटर.
त्यांनी लिहिला.
पांढऱ्या गाडीतले दोघं बघत होते.
गाडीचा नंबर तिन्ही जबाबांत आहे.
तिन्ही जबाबांत वेगळा आहे.
मी एकच सांगितला होता.

पाच चाळीसला निघाले.
म्हणाले, कुलरमध्ये पाणी टाकून ठेव उद्यासाठी.

स्कूटर अजनी स्टेशनच्या स्टँडवर सापडली.
ती तुम्ही उचलून नेली,
पण स्टँडवाला अजून दिवसाचे पाच मांडतो,
म्हणतो, साहेब आले की अर्धे सोडीन.

अंबाझरीत गळ टाकले, फुटाळ्यात पाणबुडे उतरले,
गोरेवाड्याच्या झाडीत कुत्रं सोडलं,
ते हरणामागे गेलं.
कोणी म्हणे काशी. कोणी म्हणे रायपूरला दुसरी बाई.
कोणी म्हणे, पैसे खाऊन पळाले.
तर्री-पोह्याची पंचेचाळीस रुपये उधारी ठेवून?

खात्याने नोटीस काढली,
विनापरवानगी गैरहजर, कारणे दाखवा.
साहेबांच्याच घरी मी नेऊन दिली.
बाईंनी चष्मा शोधला, सही केली,
मग विचारलं, श्रावणभाऊ,
उत्तर सात दिवसांत द्यायचं का आठ?

सात वर्षांनी कोर्ट म्हणालं, मृत धरा.
धरा म्हणजे कसं धरायचं, साहेब?
मी जन्मभर टेप धरली,
तिला निदान दुसरं टोक असतं.
बाईंनी पेन्शन घेतली. कुंकू ठेवलं.

फाइल आहे ना. पान अठ्ठावीस नाही.
नव्या नकाशात नालाही नाही.
नवे साहेब म्हणाले, जागेवर नाही ते नकाशात कशाला?
मी म्हणालो, मग मस्टरवर लांजेवारांचं नाव अजून...
ते म्हणाले, तू रिटायर कधी होतोस?

गेल्या सप्टेंबरात, रात्री दोनला,
त्या ले-आउटमध्ये पाणी शिरलं.
सोफे, सिलिंडर, कोणाची तरी सनई-चौघड्याची सीडी.
कमान आडवी.
सकाळी मी गेलो, बायकोची शिवणाची टेप घेऊन.
चिखलाच्या या रेघेपासून त्या रेघेपर्यंत,
दीड-दीड मीटर, सहा वेळा लावली.
दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं.
विटेखाली दाबलं.

नाही, आणखी काही नाही.
वाचून दाखवा.
हं.
हं.
तिथे नऊ करा साहेब.
तुम्ही सहा लिहिलंय.